खिंड उघडी आहे का

गोरोका, ५ जून १९८४

ती. मोनिकेताईस,
धाकट्या केपासचा सा. न. वि. वि.

मिशनच्या आजच्या विमानात मीठ, औषधं आणि शाळेची पुस्तकं भरली. बाबांना हॉस्पिटल परवा, गुरुवारी सोडणार. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम संपलं, घरी न्या. बाबा हसून म्हणाले, मी हे कधीचं सांगतोय.

ताई, रोज सकाळी सहाला तू गावाहून रेडिओवर खिंड ढगांनी बंद की उघडी ते सांगतेस आणि पायलट डिटर तुझ्याच शब्दावर निघतो. गुरुवारी थोडं धुकं असलं तर फार काटेकोर होऊ नकोस. लहानपणी माझ्या रताळ्यावरचा करपलेला ठिपकासुद्धा तुझ्या नजरेतून सुटायचा नाही! बाबांकडे दिवस मोजकेच आहेत.

रागावू नकोस.
तुझा केपास

युमबारे, १० जून, रविवार

चि. केपास यास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

विमान येईल तेव्हा हे पत्र जाईल. चार दिवस 'बंद' म्हणतेय. तू मनात शिव्या घालत असशील, घाल. गुरुवारी ढग खिंडीत पसरला होता, पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीसारखा. शुक्रवारी मात्र मधोमध तळहाताएवढी निळी फट पडली. तिच्यातून बाबा पांघरुणासकट तरंगत येताना दिसले मला. तोंडाशी 'उघडी' आलं होतं. मग फट मिटली, की माझेच डोळे मिटले, कळलं नाही. 'बंद' म्हणाले.

कदाचित डिटर आला असता. पण त्याच्या मागे बाबा आणि तू बसलेले. कदाचितच्या भरवशावर तुम्हाला त्या डोंगरांत कसं बोलावू?

चुलीजवळची जागा झाडून ठेवलीय.
तुझी ताई

गोरोका, ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज 'उघडी' म्हणालीस! बाबांसोबत नर्स येतेय. वजन जास्त, म्हणून मला जागा नाही. मी बुधवारी येईन.

एक कबूल करतो. शुक्रवारी तुझं 'बंद' ऐकून मी रागाने रेडिओच बंद केला. हॉस्पिटल सोडल्यापासून आम्ही मिशनच्या रेडिओच्या खोलीतच राहत होतो, बाबा तिथल्या बाकावर निजायचे. मलाच झापलं, सुरू कर, पोरगी बोलतेय. खरं तर तुझं बोलून झालं होतं. मग नुसती खरखर ऐकत ते कूस वळवून झोपले, घरी असल्यासारखे. रोज तसंच.

चष्मा त्यांच्या वरच्या खिशात आहे.
तुझा केपास

युमबारे, १५ जून

चि. केपास,
अनेक आशीर्वाद.

बाबा आज सकाळी गेले. रेडिओवर सांगवलं नाही, सगळे डोंगर ऐकत असतात. वरच्या गावच्या अडलेल्या बाईसाठी आज तुझी जागा गेली; तिला घेऊन परतताना डिटर नर्सला न्यायला पाच मिनिटं उतरणार आहे. तिच्या हाती हे पत्र देतेय.

उतरल्यावर बाबा म्हणाले, वरून आपलं गाव एवढंसं दिसतं, तुम्ही उगाच भांडता. रोज दाराशी बसून धुकं बघायचे, ते वितळताना ओठ हलवायचे. तुमचे चार दिवस मी घालवले का, असं मी विचारलं, तर म्हणाले, रताळं भाजलंयस का?

बुधवारी तू येणार होतास आणि मी पुन्हा 'बंद' म्हणाले, काल गुरुवारीही तेच. तू नुसतं 'बरं, ताई' म्हणालास. माइक खाली ठेवून मी रडले.

आज सहाला त्यांचा हात माझ्याने सोडवेना. त्यांनीच सोडवला. म्हणाले, जा, ती बाई वाट बघत असेल. आभाळ धुतल्यासारखं होतं. 'उघडी' म्हणून परतले तर ते दाराला टेकून बसलेले, खिंडीकडे तोंड करून. विमान डोक्यावरून गेलं, त्या आवाजात मी त्यांचे डोळे मिटले.

तुझ्यासाठी आम्ही दफन दोन दिवस थांबवू. पाद्रीबाबांना तसं सांगितलंय. उद्या सहाला रेडिओपाशी बस. जे दिसेल तेच सांगेन.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई