मायक्रोफोन कुठे ठेवावा

मी, खाली सही करणारी, मोजमापाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, एका रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याची बायको आणि दोन हट्टी मुलांची आई, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणे या घरात कोणाला जमलेलेही नाही. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक थोरली लेक आणि धाकटा मुलगा यांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावरून ते भांडणार नाहीत. त्यांचे भांडण वेगळेच आहे, ते कलम चारमध्ये येईल.

२. यजमानांचे सोल्डरिंग आयर्न, पकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलाला. माझा मोजणीचा मायक्रोफोन स्टँडसकट लेकीला. दुसऱ्याच्या वाटणीकडे बघून कोणी नाक मुरडू नये.

३. माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे कानसेन म्हणतात आणि ते खूश होतात. स्पीकरला महागड्या तारा लावल्या की आवाज कसा खुलतो, हे त्यांनी एकदा पाहुण्यांना संध्याकाळभर समजावून सांगितले. "वहिनी, तुमच्या यंत्राला हे कळायचं नाही," असेही म्हणाले. त्या तारा मी जोडल्याच नव्हत्या, कपाटामागे गुंडाळून पडल्या होत्या. तेव्हा पाहुण्यांमुळे गप्प बसले, आता लिहिते. सदर तारा भावजींना प्रेमपूर्वक देते.

४. बाहेरच्या खोलीतली स्पीकरची जोडी यजमानांनी स्वतः बनवली, अगदी लाकूड कापण्यापासून. ते ती कानाने लावायचे, मी मायक्रोफोनने तपासायची; सगळे सूर सारखे पोचले की पडद्यावर आलेखाची रेघ सपाट येते. मायक्रोफोन नियमाप्रमाणे दोन्ही स्पीकरच्या मधोमध, त्यांच्या आरामखुर्चीपाशी. दर वेळी तेच निघे: उजव्याचा ट्रेबल, म्हणजे बारीक चढे सूर, दबलेला, डावा वाकडा फिरवलेला. "अहो, रेघ बघा, किती खाली बसलीय!" म्हटले, तर ते पडद्याकडे बघायचेही नाहीत. "तुला नीट ऐकू येतंय ना? मग झालं," म्हणायचे. मला वाटे, विषय टाळतायत. मी सगळे सरळ करायची, की काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ते गेल्यावर लेकीने, वडिलांची वस्तू निर्दोष असावी म्हणून, उजव्यातला ट्रेबल दाबणारा रेझिस्टर काढला आणि डावा सरळ केला. मुलगा आला, माझ्या पायाशी बसून एक गाणे ऐकले आणि उठला.

"ताई, बाबांचा आवाज पुसलास तू."

"अरे, दोष काढला फक्त. आलेख बघ ना."

"तूच ऐकत बस तो आलेख."

तेव्हापासून दोघे माझ्याशी बोलतात, एकमेकांशी नाही. एकाच्या चपला दारात दिसल्या की दुसरा परत फिरतो. मला याचे जेवढे दुःख आहे तेवढे मरणाचेही नाही.

रेझिस्टर मी परत बसवला. यांच्या हातचा होता, डब्यात पडलेला बघवेना. डावा स्पीकर फरशीवरच्या जुन्या खुणेवर फिरवला. मग सवयीने मोजायला घेतले. पण गुडघ्यांमुळे उठवेना, म्हणून मायक्रोफोन बसल्या जागीच उभा केला. म्हणजे खिडकीशी, जिथे उजेडासाठी मी कायम बसत आले. तिथून उजवा स्पीकर हाताशी, डावा लांब. पडद्यावर रेघ आली ती इस्त्री फिरवल्यासारखी. पुन्हा मोजले. तशीच.

जोडी त्यांनी माझ्या खुर्चीसाठी लावली होती, आणि स्वतः मधोमध बसून जन्मभर वाकडा आवाज ऐकला. त्या दिवशी मी पोटभर रडले. "मायक्रोफोन तुझ्यापाशी ठेव" एवढे म्हणायला यांना काय झाले होते? हा राग मी कोणाला देत नाही, सोबत नेणार आहे.

मुलांनो, तू लहानपणापासून माझ्या पायाशी बसून ऐकायचास, म्हणून तुला फरक कळला. आणि तू बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसायचीस, म्हणून तुला दोष दिसला. दोघांचेही खरे होते.

५. सबब, ही जोडी दोघांना मिळून देते; फोडता येणार नाही. दुसऱ्या खोलीत ही मांडणी चालायची नाही, त्यामुळे आहे तशीच ठेवा असा माझा हट्ट नाही. मात्र हलवण्याआधी मुलाने आरामखुर्चीत बसून ऐकावे आणि लेकीने माझ्या खुर्चीशी मोजावे. नव्या जागी दोघांनी मिळून लावावी: तिने मोजावे, त्याने ऐकावे, आणि त्याआधी त्या घरात कोण कुठे बसते ते विचारावे. मायक्रोफोन तिथे ठेवावा. हे न जमल्यास जोडी भावजींकडे जाईल आणि ते तिला त्या तारा लावतील, हे ध्यानात असू द्या.

बाकी काही मागणे नाही. एका खोलीत बसलात, आणि एकमेकांचं नीट ऐकू आलं, तर मग झालं.

सही: (वरील दोघांची आई)

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. "जरा हळू लावा" असे यांनी इतक्या वर्षांत एकदाच सांगितले.
२. समोरची शिंपीण. माझ्यादेखत सही केली, चष्मा माझा वापरला.

दिनांक: साक्षीदारांनी आपल्या सहीखाली घातला आहे.
स्थळ: राहते घर, बाहेरची खोली, खिडकीजवळची खुर्ची.