आमेन म्हणायला कोणीतरी लागतं

प्रिय सुशीला,

सलाम. तू गेल्यापासून तुला काहीच कळवलं नाही. पाळकसाहेब म्हणाले होते, मनात असेल ते प्रार्थनेत बोलत जा. पण प्रार्थनेत देवाशी बोलावं लागतं, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं. आज चर्चमध्ये हंगामाचा सण झाला आणि तुझा नवरा सगळ्या मंडळीसमोर स्वतःचं हसं करून आला. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, म्हणून लिहायला बसलो.

आधी घरचं सांगतो. घर आहे तसं आहे. नळाला पाणी अजूनही त्याच्या मर्जीनं येतं, आपल्या शहराची ती रीत तुझ्या माघारी बदललेली नाही. अंगणातल्या तुझ्या लिंबाला यंदा एवढी लिंबं लागली की फांद्या वाकल्या. मी एकही तोडलं नाही. खाली पडून सडायला लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काका, नासवता कशाला? मी नेऊ का?" मी म्हटलं, न्या. तू असतीस तर मला चांगलंच झापलं असतंस. पण तोडून मी करणार काय होतो?

आता मुख्य तक्रार. सुशीला, तू तो नियम लावून गेलीस, पण एकट्या माणसानं तो कसा पाळायचा ते सांगितलं नाहीस.

देवगाव रंगारीच्या तुमच्या घरातली ती शिस्त, तुझ्या वडिलांची. लग्न करून आलीस आणि भांड्याकुंड्यांबरोबर तीही घेऊन आलीस. जेवायला बसलं की प्रत्येकानं त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. कालची गोष्ट आज चालायची नाही. "आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल" असं घाऊक काही तर मुळीच नाही. आणि समोरच्यानं आमेन म्हटल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही.

वाळूजच्या कारखान्यातून पाळी करून यायचो, भुकेनं जीव कासावीस झालेला असायचा, ताटात गरम भाकरी असायची, आणि तू विचारायचीस, "आज काय?"

"आज काही नाही."

"मग थांबू या."

आणि खुशाल थांबायचीस. भाकरी निवायची, पण तू ढिम्म. आपला विनय भुकेला कच्चा, तो झटकन म्हणून टाकायचा, "आज गणिताचे सर आले नाहीत." त्यालाही तू डोळे मिटून, गंभीर चेहऱ्यानं आमेन म्हणायचीस.

तुला मात्र रोज नवं सापडायचं. दळणाला रांग नव्हती. पाणी आलं आणि तेही उजेडात आलं. एकदा खुलताबादच्या घाटात आपली बस बंद पडली, सगळे ड्रायव्हरच्या नावानं शंख करत होते, आणि रात्री तू काय म्हणालीस? "बस बंद पडली, पण झाडाच्या सावलीत पडली." मला हसू आवरेना. अशा आभारांनी देवालाही कानकोंडं होत असेल, असं मी म्हणालोसुद्धा.

एकदा चिडून मी म्हटलं होतं, "आज तू दिवसभर महिला मंडळात होतीस, मला दुपारी शांत झोप लागली, याबद्दल देवाचे आभार." तू लगेच म्हणालीस, "आमेन. उद्यापण जाते." आता दुपारभर घर शांत असतं. झोप लागत नाही.

तू गेल्यानंतर पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, अशा वेळीही आभार मानता आले पाहिजेत, त्यातच विश्वासाची कसोटी आहे. मी मान हलवली. मनात म्हटलं, कशाचे मानू? खोटे आभार देवाला चालत नाहीत, हे तूच सांगायचीस. खरे तर एकही सापडेना. मी देवाशी भांडलो नाही गं, फक्त बोलणं सोडलं. नवरा-बायको अबोला धरतात तसं. टीव्ही लावून जेवतो, म्हणजे समोर कोणीतरी बोलत असतं. एकदा आभार मानून आमेनही स्वतःच म्हणून पाहिलं. आपणच आपल्या पाठीवर थाप मारून घ्यावी तसं वाटलं. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

विनय पुण्याहून रोज फोन करतो. "पप्पा, जेवलात का?" मी म्हणतो, हो. तो म्हणतो, बरं. एवढंच. काल मात्र म्हणाला, "उद्या हंगामाचा सण आहे ना? मम्मीनं कधी चुकवला नव्हता. जाऊन या."

म्हणून गेलो. रिकाम्या हातानं गेलो. त्या दिवशी कोणी रिकाम्या हातानं येत नाही, मला माहीत आहे. कोणी ज्वारीची कणसं आणली होती, कोणी भोपळे, कोणी पायाला दोरी बांधलेला कोंबडा, कोणी घरचा केक. सगळं वेदीपुढं मांडलेलं. शेवटच्या बाकावर बसून मी ते बघत होतो आणि तू तिथं ठेवायचीस ती लिंबाच्या लोणच्याची बरणी आठवत होतो.

भक्ती संपल्यावर नेहमीप्रमाणे बाहेर कडुलिंबाखाली लिलाव सुरू झाला. देवाला वाहिलेली एकेक वस्तू भास्कर उचलून दाखवत होता, लोक बोली लावत होते. भास्कर आधीच बडबड्या, त्यात कोंबडा सुटला तेव्हा तो आणि कोंबडा दोघंही ओरडत होते. मी निघणारच होतो. तेवढ्यात त्यानं एक बरणी वर धरली.

बरणीच्या तोंडाला निळ्या चौकटीचं फडकं बांधलेलं होतं. सुशीला, माझा शर्ट मी ओळखणार नाही का? वाळूजच्या शेवटच्या वर्षी घालायचो तो. मागच्या साली तू तो टराटरा फाडलास, तेव्हा मी तणतणलो होतो, "देवाच्या घरी माझी चिंधी नेतेस?" आणि तू म्हणाली होतीस, "धुतलेली आहे. देव नाक मुरडत नाही, तुम्हीच मुरडता."

त्या बरणीला तुझा हात लागलेला होता. माझा हात आपोआप वर गेला. मी बोली लावली. भास्कर म्हणाला, "एक वार." मला वाटलं, आता कोणीतरी वाढवणार आणि बरणी जाणार. मी चढवली. "दोन वार." मी पुन्हा चढवली. मग आणखी. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भास्करनं बरणी खाली घेतली आणि हळूच म्हणाला, "काका, तुमच्याबिगर कोनीच बोलंना. कोनाशी भांडायलात तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याच बोलीवर मी बोली चढवत होतो. खरंच, कोणाशी भांडत होतो मी?

बरणी छातीशी धरून फाटकापर्यंत आलो तर लीलाबाई उभ्या. चर्चमागच्या गल्लीत एकट्या राहतात, त्या. म्हणाल्या, "दादा, मागल्या साली लिलावात म्याच घेतली व्हती ती. घेतली आन् थोड्याच दिसांत सुशीलाबाई गेल्या. मंग उघडू वाटंना. त्यांच्या हातचं, आन् एकटीनं खायचं? घास उतरला नसता. म्हनलं, देवाला दिलेलं व्हतं, देवालाच परत नेऊन ठिवते."

मी विचारलं, "मग मला का आणून दिली नाही? घर तर माहीत आहे."

"दोनदा आले व्हते. तुम्ही दार कुठं उघडता?"

बरणी घेऊन घरी आलो.

संध्याकाळी वरणभात केला. टीव्ही लावला नाही. फडकं सोडलं, बरणी उघडली. लोणचं काळपट झालंय, मुरलंय, वास तोच आहे. फोड ताटात घेतली आणि हात थांबला. "आज काय?" असं कोणी विचारलं नाही. तरी मी मोठ्यानं म्हणालो, "देवा, लीलाबाईंनी बरणी उघडली नाही, याबद्दल तुझे आभार."

तू गेल्यापासूनचे हे पहिले खरे आभार. ते कालचे नव्हते, मला आजच कळलं होतं, आणि घाऊकही नव्हते. तुझ्या नियमात बसले की नाही?

मग वाट पाहिली. कशाची, ते तुला सांगायला नको. पंख्याचा आवाज येत होता. तुझी खुर्ची समोर होती. मला रडू आलं, भरपूर आलं. भात गार झाला, पण घास उचलवेना. शेवटी फोन उचलला आणि विनयला लावला. मी कधी लावत नाही, म्हणून तो घाबरला. "पप्पा, काय झालं? बरं नाही का?"

"बरा आहे. ताटावर बसलोय. आमेन म्हण."

"काय?"

"लीलाबाईंनी तुझ्या मम्मीची बरणी उघडली नाही, याबद्दल देवाचे आभार मानलेत. आता तू आमेन म्हण, मला भूक लागलीय."

तिकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आमेन." आवाज अगदी लहानपणीसारखा. पुढे म्हणाला, "थांबा, माझं राहिलंय. आज तुम्ही स्वतःहून फोन केलात, याबद्दल."

मी आमेन म्हटलं. मग जेवलो.

तुला खोटं सांगत नाही, फोन ठेवल्यावर घर पुन्हा रिकामंच होतं. तुझ्या आमेनची जागा विनयच्या आमेननं भरली नाही, भरणारही नाही. देवाशी अबोला पुरता सुटला असंही नाही. पण आज एक वाक्य बोललो त्याच्याशी.

लोणच्याची वाटी काढून ठेवलीय, उद्या लीलाबाईंना देऊन येतो. मीठ किती आणि उन्हात किती दिवस ठेवायचं, तेही त्यांनाच विचारतो, कारण यापुढे तुझी लिंबं सडू देणार नाही, असा शब्द देतो. पुढच्या हंगामाच्या सणाला मी रिकाम्या हातानं जाणार नाही. लोणचं बिघडलं तरी बरणी नेणार. आणि तिच्या तोंडाला फडकं बांधीन ते तुझ्या हिरव्या साडीचं. धुतलेलं असेल.

तुझाच,
याकोब