वाईट करवतींच्या भिंतीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा चेन करवतींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो पुरेसा वाटणार नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्याला चाळीस वर्षांत पटलेले नाही.

१. वरच्या दोन खोल्या, खालची कार्यशाळा, तिच्यातली सगळी हत्यारे, धार लावायच्या कानशी आणि बँकेत असेल ते, सगळे माझ्या एकुलत्या एका मुलीला. मुलीच्या जातीला करवती कशाला, असे कोणी विचारू नये. पंधराव्या वर्षापासून ती नुसत्या आवाजावरून कार्बोरेटरचे दुखणे सांगते.

२. कार्यशाळेतली वाईट करवतींची भिंतही तिचीच. ज्या गिऱ्हाइकाने आपल्या करवतीपुढे हात टेकले, त्याने ती इथे टांगायची आणि आजवर वापरलेल्या करवतींत हीच सर्वांत वाईट का, ते स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहायचे, असा आमचा रिवाज आहे. 'थंडीत सुरू होत नाही, उन्हात बंद होत नाही.' 'झाड सोडून सगळे कापले: विजार, कुंपण, शेजारधर्म.' शेजारच्या सुताराने 'हरामखोर' एवढेच लिहिले आहे. या चिठ्ठ्या काढू नयेत.

३. त्या भिंतीवरची निळी करवत मात्र भावाला. तो करवती विकतो, आणि तरीही दोन हंगाम तिला शिव्या घालत होता. 'नुसता धूर काढते, कापत नाही,' अशी त्याची चिठ्ठी आहे. चेन त्याने उलटी बसवली होती, दातांची तोंडे मागे. मुलीने ते पाहताक्षणी ओळखले आणि चारचौघांत हसली. तेव्हापासून त्याने तिच्यावर डूख धरला. करवत आहे तशीच द्यावी, चेन सुलटी करू नये.

४. मधोमध टांगलेली लाल करवत माझी. 'हिने माझी बोटे खाल्ली,' ही चिठ्ठीही माझीच. डाव्या हाताची दोन गेली. त्या सकाळी चेन मुलीने बसवली होती. भाऊ दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरीनं चेन ढिली ठेवली. तरी मी सांगत होतो!" मी गप्प राहिलो. अकरा वर्षे गप्प राहिलो. गिऱ्हाइके दारातून विचारायची, "चेन तुम्हीच बसवणार ना?" आणि ती आत निघून जायची. तेव्हा मला माझीच लाज वाटायची, पण तोंड उघडले नाही.

चेन ढिली नव्हती. करवतीचे टोक खोडाला लागले की ती अंगावर उसळते. तेव्हा चेन जागच्या जागी थांबावी म्हणून पुढे ब्रेक असतो. तो उठसूट लागायचा आणि कामाचा खोळंबा व्हायचा. मुलगी म्हणाली होती, "बाबा, नवा ब्रेक येईपर्यंत ही वापरू नका." तिची पाठ वळताच मी ब्रेक तारेने बांधून टाकला. ती तार पुढे कुठे गेली, हे मी कधी शोधले नाही. सापडली असती तर बोलावे लागले असते.

तेव्हा लिहून देतो की चूक माझी होती. हे कलम माझ्या माघारी कार्यशाळेच्या दारात, भावाला पुढे उभे करून, मोठ्याने वाचावे.

५. या वाटणीवर ज्याची हरकत असेल त्याने आधी निळ्या करवतीने अंगणातले खोड कापून दाखवावे, मग बोलावे. असे कलम कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. टिको न टिको, राहू द्या म्हटले.

६. चौथ्या कलमात दुरुस्ती. 'माझ्या माघारी' हे शब्द रद्द समजावेत. मेल्यावर कबूल करणे म्हणजे पुन्हा पळच काढणे. म्हणून सहीपूर्वी मुलीला आत बोलावले आणि साक्षीदारांसमोर ते कलम वाचून दाखवले. ती हातातली कानस पुसत ऐकत होती.

"तार मला माहीत होती," ती म्हणाली. "तुम्हाला दवाखान्यात पोचवून परत आले आणि काका यायच्या आत मीच काढून टाकली. लोक तुम्हाला हसले असते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

तिनेच लाल करवतीवरची चिठ्ठी काढून माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. त्यावर मी लिहिले: 'करवत उत्तम. मालक वाईट.' ती चिठ्ठी आजच लावली आहे. भावालाही निरोप धाडला आहे, पाच वाजता दारात ये. चौथे कलम मीच वाचणार आहे.

सही: करवतवाला (सही उजव्या हाताची, तो शाबूत आहे)

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर
२. शेजारचा सुतार

स्थळ: कार्यशाळेची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन