प्लास्टिकच्या मागचे थेंब

बाई,

तुम्ही खालची खोली सोडून महिना झाला. काल रंगाऱ्याने तिथलं कपाट हलवलं आणि म्हणाला, "काका, हे काय चिकटवलंय?" भिंतीवर वीतभर प्लास्टिक होतं, तुम्हीच कधीतरी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवलेलं. त्यानेच मला समजावलं, की पाणी प्लास्टिकवर साचलं तर ओल खोलीतली, मागे साचलं तर भिंतीतली.

थेंब मागे होते.

तीन वर्षं मी तुम्हाला एकच ऐकवलं, घरात ओले कपडे वाळत घालता म्हणून बुरशी येते. तुम्ही कपडे गच्चीवर न्यायला लागलात, तरी मुलीचा खोकला थांबला नाही. त्या भिंतीच्या वर माझी न्हाणी आहे. फरशी फोडायचा कंटाळा, म्हणून मी दरवर्षी नुसता रंग मारत राहिलो.

तुम्ही बघितलेल्या नव्या खोलीच्या मालकाने चौकशीला फोन केला, तेव्हाही मी कपड्यांचंच सांगितलं. त्यांनी खोली दिली नाही, हे नंतर कळलं.

आज न्हाणी फोडायला घेतली. हे पत्र पाठवणार होतो, पण माझ्याकडे तुमचा एकच पत्ता आहे, तो याच खोलीचा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा