हरकाचा वास

रत्नागिरी, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५२

हात राखेने दोनदा धुतले, तरी वास आहेच.

सकाळी काकूने आमच्या शेतावर राबणाऱ्या सकूला मजुरीत द्यायचा हरीक, ते गरिबाघरचं भरड धान्य, मापायला सांगितला. धान्याच्या कनगीत हात घातला तर दाणे चिकट, बोटांना काळी भुकटी आणि तो कुबट वास. पीक कापून रचलेल्या उडवीतच पावसाने भिजलं होतं. मी म्हटलं, "काकू, याला बुरशी धरलीय. खाईल तो झिंगेल."

"अगो, हरीक थोडा चढतोच. ती माणसं शेणपाण्यात भिजवून घेतात. माप तू."

मी मापला.

मग जेवण गेलं नाही. घरी शिकवताना बाबा नेहमी सांगत, पुराव्याशिवाय कुणाचं म्हणणं खोटं ठरवू नये. पण सकूची पोरं झिंगून पडली की मगच पुरावा म्हणायचा का?

दुपारी घरातले तांदूळ घेऊन तिच्या खोपटात गेले. तिने सकाळी नेलेला हरीक अजून सुपातच होता. सकू हसली, "काय गो बाय, आज सन हाय काय? तांदूळ आनलास तो!" मी हरीक परत आणला.

काकू त्याच्याकडे बघत राहिली. "टाकायचा नाही. उद्या पेजेला घाल."

"कोणाच्या पेजेला?"

ती वाती वळत होती. हातातली वात तिने खाली ठेवली. मग म्हणाली, "शेणाच्या गायरीत ओत, खत तरी होईल. कनगीतलाही. मजुरीचं बघू काहीतरी. आणि हात धू आधी, वास मारतोय."

म्हणजे तो वास तिलाही येत होता. सकाळपासूनच?