मधलं पिवळं ठिगळ

श्रीपेरुंबुदूर, चेन्नई
ता. ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप वन्संना हेमलताचा सा. न. वि. वि.

तुम्ही शिवलेली गोधडी पोचली. सोबत उरलेल्या चिंध्या पाठवल्यात, त्यांचंच हे कार्ड केलंय. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि भाताची खळ. लाल लुगड्याचा पाळणा, वर पिवळं फूल. तुमचे भाऊ म्हणाले, हे कार्ड आहे की ठिगळ लावलेली चड्डी! तुम्ही पण हसा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बारसं आहे. नाव आत्यानंच ठेवायचं, तुमच्याशिवाय कानात कोण सांगणार? शेजारच्या विशालाक्षीमामी पोरीला पाप्पा म्हणतात, इथं सगळ्याच तान्ह्यांना तसं म्हणतात. मध्ये ताप आला होता, आता बरी आहे. मलाच सारखी भीती वाटते. याच.

लोभ आहेच, तो घेऊन या.
तुमची हेमलता


तासगाव
ता. ११ जानेवारी

चि. सौ. हेमलतास सईबाईचा आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पाळणा गोड जमलाय. पण बाई, ते पिवळं कापड मी चिंध्यांत दिलं नव्हतं. गोधडीच्या मधोमध शिवलं होतं, खाली भाकरीचा तुकडा आणि साखर ठेवून, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. माझ्या तान्ह्या अमोघच्या अंगड्याचं ते. तो गेल्यापासून जपलेलं. वाटलं, भाचीच्या अंगावर तरी राहील.

तू उसवलंस. का, ते कळतं मला. रागावले नाही. पण बारशाला येत नाही. त्याचं कापड नको, तर मी पाळण्याजवळ कशाला उभी राहू? नाव तूच सांग तिच्या कानात. पोरीला जप.

सईबाई


श्रीपेरुंबुदूर
ता. २० जानेवारी

तीर्थरूप वन्संना, तुमच्या पायांवर डोकं ठेवून हेमलताचा नमस्कार.

काल बारसं केलं नाही. पाळण्याची फुलं तशीच सुकली. आत्या कुठं, असं मामींनी विचारलं.

ताप चढला त्या दिवशी हे बोलून गेले, मधलं ठिगळ अमोघचं म्हणून. मी भ्याले. कात्री घेतली. भाकरीचा तुकडा हातात आला तेव्हा रडू फुटलं, तरी उसवलंच. टाकवेना, म्हणून फूल केलं. वाटलं, तुमचं तुमच्याकडं जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. कसं कळणार नाही वन्सं? आता मला पोर झाली, तरी एवढं समजलं नाही.

गोधडी मध्ये उघडी पडलीय, आतलं जुनं लुगडं दिसतं. पोरीची मूठ त्यात अडकते. दुसरं ठिगळ मी लावलं नाही. भीती अजून जात नाही, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही नसलात की जास्तच वाटते.

कार्ड पाण्यात भिजवा. भाताची खळ आहे, सुटेल. पाळणा गेला तर जाऊ दे. पिवळं तेवढं घेऊन या, तुमच्या हातानं शिवा आणि मग नाव ठेवा. भाकरी मी भाजते.

तोवर ती पाप्पाच.

आहे तो लोभ तोडू नका.
हेमलता