एका बोटाने फिरला!

बाबा,

आधी कबुली. काल तू कामावर असताना जुन्या इंजिनाचे बोल्ट काढून त्यांच्या जागी नवे स्टड मीच बसवले. बोल्टपेक्षा स्टड मजबूत, एवढंच डोक्यात होतं. तू शिकवलंस तशाच बेअरिंगच्या कॅप मधल्यापासून बाहेरच्यांपर्यंत क्रमाने आवळल्या, आणि त्यांत फिरणारा क्रँकचा दांडा जाम! दोन्ही हातांनी ढिम्म हलेना. माझी पाचावर धारण बसली.

मग आजोबांचे जुने बोल्ट, तू 'भंगार' म्हणालास तेच, परत लावले. बाबा, क्रँक एका बोटाने फिरला! बोट काढलं तरी अर्धा फेरा आपसूक गेला, आवाज न करता. मी आ वासून बघतच राहिले.

आजोबांना फोन केला, तर म्हणाले, "अगं, हेच बोल्ट आवळून मी क्रँक फिरतो ती भोकं घासून गोल केली होती. स्टडचा ताण निराळा, गोलाई बिघडणारच." चाळीस वर्षं झाली, तरी त्यांचा हात त्या लोखंडात आहे!

'भंगार' ऐकल्यापासून त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. आज चारला येतायत, मी कबूल करून घेतलंय. तुला 'चुकलो' म्हणायला जमलं नाही, तर नुसतं म्हण, "फिरवून बघा."

शाळेत गेलेली,
तुझी फोरमन